यादी घरी ठेवा, कॅलेंडर सोबत घ्या

वाचकाचं पत्र :

ताई, नमस्कार. आम्ही नेर तालुक्यातले, जिल्हा यवतमाळ. कापूस, तूर, सोयाबीन अशी कोरडवाहू शेती. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण सगळे मिळून कुठे राहायला गेलो असं कधी झालं नाही. औंदा धाकट्या दिरांनी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गणपतीपुळ्याला समुद्राकाठच्या रिसॉर्टवर पाच रात्रींसाठी दोन खोल्या घेतल्या आहेत. ते, जाऊबाई आणि त्यांची लहान मुलगी पुण्याहून येतील. आम्ही बडनेऱ्याहून रेल्वेने रत्नागिरीला उतरू. सासूबाई सत्तरीच्या, माळकरी, गुडघ्यांनी त्रासलेल्या. मुलगा बारा वर्षांचा, मुलगी आठची. यांनी मोबाइलवर पाहून यादी केली : रायगड, मालवणचा किल्ला, गोवा, गुहागर, महाबळेश्वर. म्हणतात, "इतक्या दूर जाऊन रायलो त सप्पं पाहूनच येऊ, पुन्हा कोण जाते?" मी समुद्र कधी पाहिला नाही. मला तिथे नुसतं बसून राहायचं आहे. असं म्हटलं की घरात हसतात. पैसेही मोजकेच आहेत. रोज थोडं फिरणं व्हावं आणि आरामही व्हावा, असं काही जमेल का? येताना आंबे आणायचे आहेत. इतक्या लांबच्या प्रवासात ते टिकतील का?

उत्तर :

प्रिय ताई,

ज्या गोष्टीवर घरचे हसतात, तिथूनच सुरुवात करते. समुद्रासमोर बसून राहणं हाच या पाच दिवसांचा मुख्य कार्यक्रम असू द्या आणि बाकीचं फिरणं त्याच्या मागेपुढे बसवा. दिरांनी खोल्या समुद्राकाठी घेतल्या आहेत, त्या बाहेर पडलं की पाणी दिसावं म्हणूनच. सकाळी सातला गाडीत बसून रात्री नऊला परतायचं असेल, तर रत्नागिरी स्टँडजवळचा साधा लॉज निम्म्या पैशांत मिळाला असता. तुमची इच्छा साधी आहे आणि खर्चाच्या हिशोबानेही तीच बरोबर आहे. हे घरात याच शब्दांत सांगा.

मात्र तुमच्या घरच्या माणसाच्या यादीलाही हसू नका. ढोरंवासरं, शेताची राखण शेजाऱ्यापाजाऱ्यांवर सोपवून पाच दिवस घराबाहेर राहणं कोरडवाहू शेतकऱ्याला किती जड जातं, हे आपल्याला ठाऊक आहे. "पुन्हा कोण जाते" हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. म्हणून यादीला नाही म्हणू नका, फक्त प्रत्येक नावापुढे अंतर लिहून त्यांच्या हातात द्या. गणपतीपुळ्याहून रायगड, मालवण आणि महाबळेश्वर ही तिन्ही ठिकाणं एका बाजूलाच दीड-दोनशे किलोमीटर पडतात, आणि तीही तीन वेगवेगळ्या दिशांना. गोवा मालवणच्याही पुढे. शिवाय तिकडचा किलोमीटर आपल्या किलोमीटरसारखा पळत नाही. नेरहून अमरावतीला जायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात किनाऱ्याकडच्या रस्त्यांवर निम्मं अंतर कापलं गेलं तरी खूप झालं. चढ, उतार, वळणं, आणि मध्ये आडवी येणारी खाडी. पलीकडचं गाव डोळ्यांसमोर दिसत असतं, पण पूल नसला की तिथे पोचायला तासन् तास वळसा पडतो. ज्यांना गाडी लागते त्यांचे या वळणांवर फार हाल होतात. लहान मुलं आणि गुडघे दुखणारी आजी सोबत असताना असा एक दिवस काढला की पुढचे दोन दिवस सगळे नुसते पडून राहतात. त्या यादीतलं एकच नाव तग धरतं, ते गुहागरच्या बाजूचं. त्याचं खाली सांगते.

दिवसाची घडी अशी बसवा : पहाटे उठायची आपल्याला सवय आहेच, तेव्हा साडेसहाच्या आत निघायचं, एकच दिशा धरायची, जेवणाच्या वेळेला खोलीवर परत. दुपारी बारा ते चार बाहेर पडायचंच नाही. चहा झाला की समुद्र. रोजची संध्याकाळ समुद्राची, तिथे दुसरं काही घुसवायचं नाही.

दुपारी खोलीत बसा म्हणते त्याला कारण आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो आणि रत्नागिरीत तो तेहेतीस-चौतीसच्या आसपास असतो. आकडा ऐकून आपल्या माणसांना वाटतं, हे तर काहीच नाही. पण आपलं ऊन कोरडं. घाम येतो आणि वाळतो, वाळताना अंग निववतो. आपला कूलर चालतो तोही याच कोरड्या हवेच्या जोरावर. समुद्रकाठच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता वाहत राहतो, आणि ऊन लागलं असं न वाटताच माणूस गळून जातो. म्हणून डोक्याला दुपट्टा बांधायची आपली सवय तिकडेही सोडू नका. सुती कपडे घ्या. मीठ-साखर-लिंबाचं पाणी बाटलीत असू द्या. कोकम सरबत तर तिथे पावलोपावली मिळेल.

आता समुद्राचं. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. समुद्र दिवसातून दोनदा भरतो आणि दोनदा ओसरतो, आणि त्याची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. कोकणातली माणसं ती वेळ तिथीवरून काढतात. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी असतेच. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असली तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या आणि रात्री तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. मिनिटावर मिनिट जुळणार नाही, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होईल, पण दिवस आखायला एवढं पुरतं. सासूबाईंच्या पिढीला पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, तोंडपाठ असते. नातवाला सोबत घेऊन रोज सकाळी भरतीची वेळ काढायचं काम त्यांच्याकडेच द्या.

याचा उपयोग कसा करायचा ते पाहा. तुमचे दिवस पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास पडले, तर संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी दूर गेलेलं असेल आणि ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा उघडा पडलेला असेल. सासूबाईंना चालवायचं ते तेव्हा आणि त्याच वाळूवर. वरच्या कोरड्या वाळूत पाय रुततो आणि गुडघ्यांवर ताण येतो, ओली वाळू मात्र रस्त्यासारखी लागते. दिवस अष्टमीच्या आसपासचे असतील तर संध्याकाळी भरती. मग चालणं सकाळी नऊच्या सुमाराला, पाणी ओसरत असताना, आणि संध्याकाळी वर कोरड्यात सतरंजी टाकून बसणं. पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीला उधाणाची भरती म्हणतात, अष्टमीच्या सुमाराच्या भरतीला भांगाची. उधाणात पाणी जास्त वर चढतं आणि जास्त मागेही जातं. कुठल्याही रिसॉर्टवरच्या माळ्याला किंवा शहाळं विकणाऱ्याला "आज भरती किती वाजता?" विचारलंत तरी तो सांगेल.

पाण्यात उतरण्याबद्दल मी कडक बोलणार आहे. गणपतीपुळ्याचा किनारा देखणा आहे, पण तिथलं पाणी पोहायचं नाही. बाहेरगावची माणसं तिथे बुडाल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यांत पोहता येणारेही असतात. आपल्याकडची पोरं विहिरीत सूर मारून, नदीच्या डोहात शिकलेली. त्यांना वाटतं आपल्याला येतं. विहिरीचं पाणी जागच्या जागी असतं, समुद्राचं पाणी ओढतं. ही ओढ काय असते ते घोटाभर पाण्यात उभं राहून मुलांना दाखवा. लाट येते तेव्हा काही वाटत नाही. ती परत फिरते तेव्हा टाचेखालची वाळू सरसर निघून जाते, दोन-तीन लाटांत टाचा खोल रुततात, आणि खाली बघत राहिलं तर आपणच मागे सरकतो आहोत असं वाटून डोळे गरगरतात. घोटाभर पाण्यात एवढी ओढ, तर कमरेएवढ्या पाण्यात ती माणसाला पाय टेकू देत नाही. म्हणून मोठ्यांनी गुडघ्यापर्यंतच जायचं, मुलांनी मोठ्यांचा हात धरून घोट्याएवढ्या पाण्यातच खेळायचं. पाणी ओसरत असताना तर मुळीच पुढे जायचं नाही. जीवरक्षकाची शिट्टी वाजली की बाहेर. लुगडं-साडी नेसून पाण्यात उतरू नका, ओलं कापड पायांत गुंततं. तुमच्यासाठी एक सलवार-कमीज घ्या. घरात कुणी काही म्हणालं तर माझं नाव सांगा.

पोचल्या दिवशी काहीही ठरवू नका. रात्रभर गाडी आणि वर अर्धा दिवस, इतका प्रवास झालेला असेल. रत्नागिरीचं स्टेशन शहराबाहेर आहे. तिथूनच रिक्षा किंवा जीप ठरवून थेट गणपतीपुळे गाठा. आरे-वारेच्या किनाऱ्याने चला असं आधीच सांगा. शहरापासून या रस्त्याने पंचवीसेक किलोमीटर आहे, आणि वरच्या वळणावरून समुद्र एकदम समोर येतो. गाडी दोन मिनिटं थांबवायला लावा. तुमचा पहिला समुद्र चालत्या गाडीच्या काचेतून पाहायचा नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीच लागणार नाही. पहाटे गणपतीचं दर्शन. तिथे डोंगरच देव मानला जातो, म्हणून प्रदक्षिणा देवळाला नसते, अख्ख्या टेकडीला असते, साधारण एक किलोमीटरची. वाट बांधलेली आहे, पण उन्हं चढली की पायाखाली भाजायला लागते, म्हणून ती सकाळीच. सासूबाईंनी देवळात बसून राहिलं तरी चालेल, देव काही रागावत नाही. दर्शन झालं की दोनेक किलोमीटरवर मालगुंड, रिक्षाने. कवी केशवसुत यांचा १८६६ सालचा जन्म या गावचा. त्यांचं घर आणि स्मारक जपलेलं आहे. मुलगा मराठी शाळेत असेल तर त्याच्या पुस्तकातलं हे नाव आहे. पण मी तुम्हाला तिथे पाठवते ती त्या कौलारू घरासाठीही. आत गेलं की उन्हातही गारवा जाणवतो. धाब्याच्या घरात वाढलेल्या आपल्या माणसांना उतरत्या छपराचं ते घर बघायला आवडतं, आणि सासूबाईंना पडवीत टेकायलाही मिळतं.

रत्नागिरीचा एक दिवस काढा, पण तोही अर्धाच. एसटी आहे, आणि एसटीत बायकांना अर्धं तिकीट, तेव्हा गाडी करायलाच हवी असं नाही. एवढी माणसं मिळून रिक्षा-जीप ठरवलीत तर थांबण्याचे पैसे किती ते आधी बोलून घ्या. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे, त्यांचा जन्म १८५६ सालचा. दुसरा थिबा राजवाडा. सोमवारी तिथलं संग्रहालय बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. मुलांना आत नेण्याआधी गोष्ट सांगा. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि त्याला बायका-मुलींसह इकडे आणून ठेवलं. हा राजवाडा १९१० साली बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला, परत घरी गेलाच नाही. त्याच्याआधी इंग्रजांनी दिल्लीच्या बहादूरशहाला रंगूनला नेऊन टाकलं होतं. इकडचा राजा तिकडे, तिकडचा राजा इकडे. बारा वर्षांच्या मुलाला ही अदलाबदल सांगितली की तो त्या रिकाम्या दालनांकडे नीट बघतो, नाहीतर मुलं पाच मिनिटांत "चला" म्हणतात.

आणि तुमच्या घरच्यांसाठी माझ्याकडे किल्ल्यापेक्षा चांगली जागा आहे. रत्नागिरीला लागूनच, खाडीचा पूल ओलांडला की भाट्ये. तिथे कोकण कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे. कामाच्या दिवशी सकाळी जा, आत जाण्याची परवानगी विचारा. नारळ-सुपारीच्या झाडांवर मिरीचे वेल चढवलेले, खाली मसाल्याची झाडं, एकाच जमिनीत तीन-तीन मजल्यांची पिकं. काळ्या भारी जमिनीत कापूस-तुरीचे पट्टे पेरणाऱ्या माणसाला यातलं काय घेता येईल, काय नाही, ते तेच ठरवतील. मात्र ते तिथे यादीतली ठिकाणं विसरतील एवढं नक्की. एक गोष्ट त्यांनी तिथल्या कुणा बागायतदाराला जरूर विचारावी. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्याकडच्या तिप्पट. तरी मे महिन्यात कित्येक वाड्यांवर टँकरने पाणी येतं. जांभ्या दगडाची सच्छिद्र जमीन, वर सगळा उतार, पडलेलं पाणी थांबतच नाही. पाऊस कमी म्हणून रडणारे आपण आणि पाऊस भरपूर असून तहानलेले ते, यावर दोन शेतकरी तासभर बोलू शकतात. रिसॉर्टच्या नळालाही तेच पाणी येतं हे मुलांच्या कानावर घाला.

सासूबाईंना ओढ असेल तर भाट्याच्या पुढे त्याच रस्त्याने पावस आहे, स्वामी स्वरूपानंदांचं समाधिमंदिर. शांत, स्वच्छ जागा, माळकरी माणसाला बरं वाटेल अशी. रत्नागिरीपासून वीसेक किलोमीटर. पण पावस जोडायचं असेल तर त्या दिवशी राजवाडा सोडा. दोन्ही नकोत.

आता गुहागरच्या बाजूचं. हा तुमचा एकमेव लांबचा दिवस. गणपतीपुळ्याहून वीसेक किलोमीटरवर जयगड, शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथे. जयगडच्या धक्क्यावरून पलीकडच्या तवसाळला फेरीबोट जाते, माणसांसकट गाड्या घेऊन. जीप बोटीत चढते, सगळे खाली उतरून कठड्याला उभे राहतात, बघता बघता दुसरा किनारा. मुलांना याहून मोठी मजा अख्ख्या सहलीत मिळायची नाही. सुटण्याच्या वेळा आदल्या दिवशी रिसॉर्टवर विचारून ठेवा, परतीच्या शेवटच्या बोटीची तर नक्कीच, कारण ती चुकली की खाडीला भलामोठा वळसा घालावा लागतो. तवसाळहून पुढे हेदवी. टेकडीवर दशभुज गणपतीचं देऊळ, गाडी बरीच वर जाते, पण थोड्या पायऱ्या राहतातच. सासूबाईंना विचारूनच ठरवा. खाली समुद्राकाठी बामणघळ. काळ्या खडकाला पडलेली अरुंद फट, भरतीच्या वेळी लाट तिच्यात शिरते, कोंडते आणि मोठा आवाज करून उंच उसळते. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसेल आणि तुमच्या घरचे म्हणतील, एवढ्यासाठी आणलं? म्हणून पाऊणकी इथेही करा. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे दहा-साडेअकराला भरती येते, सकाळी निघून गाठायला ती वेळ नेमकी. उसळी लांबून बघायची. तिथले खडक शेवाळलेले असतात, फोटोसाठी पुढे जाणाऱ्याला घरच्यांनी हाताला धरून मागे ओढावं. दुपारचं जेवण हेदवीतच करून परत फिरा. पुढे वेळणेश्वर, गुहागर आहेच, पण तो मोह आवरा. भरती भलत्या वेळी पडत असेल तर हेदवी रद्द, जयगडचा किल्ला आणि फेरीबोटीने नुसतं पलीकडे जाऊन परत येणं, एवढंही पुष्कळ.

शनिवार-रविवार आणि संकष्टी या दिवशी कुठेच निघू नका. पुण्या-मुंबईची, कोल्हापूरची गर्दी त्या दिवशी तिथे लोटते. देवळासमोरचा किनारा सोडून भंडारपुळ्याच्या बाजूला जाऊन बसा.

जेवणाचं थोडक्यात. देवळाच्या आसपास घरगुती शाकाहारी खानावळी आहेत. सकाळीच किती पानं ते सांगून ठेवलं की ताजं मिळतं. आयत्या वेळी गेलं तर थांबावं लागतं. ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, उकडीचे मोदक, सोलकढी हे सासूबाईंना निर्धास्त चालेल. तिखट मात्र आपल्यासारखं नसतं, आणि पोळी-भाकरीपेक्षा भात जास्त. तेव्हा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात असू द्या. ज्यांना मासे खायचे त्यांनी खुशाल वेगळ्या खानावळीत खावेत. सासूबाईंसमोर एका टेबलावर दोन्ही मांडू नका, इतक्या लांब येऊन त्या उपाशी उठायला नकोत.

आता तुमचं. रिसॉर्टवर स्वयंपाक नसतो, पण बायांचं काम तिथेही मागे येतं. ओले कपडे पिळणं, मुलांच्या अंगावरची वाळू काढणं, कुणाची गोळी, कुणाचा चष्मा, कुणाला दूध. पाच दिवस असेच जातील आणि परतीच्या गाडीत तुम्हाला आठवेल की तुम्ही बसलातच नाही. निघण्याआधी घरी, सगळ्यांसमोर, वाटणी करून घ्या. मुलांना समुद्रातून आणून बाहेरच्या नळावर धुवायचं काम बापाचं आणि काकाचं. दुपारी सासूबाईंजवळ तुम्ही आणि जाऊबाई आळीपाळीने. संध्याकाळी साडेपाच ते दिवेलागण हा वेळ तुमचा, एकटीचा. मोबाइल खोलीवर. तिकडे सूर्य आपल्यापेक्षा पाव तासभर उशिरा मावळतो, म्हणजे मे महिन्यात सातच्या आसपास, तेव्हा वेळ भरपूर मिळेल. पहिल्या संध्याकाळी कुणीतरी हाक मारेलच, "अवं, टॉवेल कुठं ठेवला?" उत्तर द्या, पण उठू नका. जाऊबाईंनाही असाच एक वेळ काढून द्या, सकाळचा. पुण्यात नोकरी-घर करणाऱ्या बाईलाही तो कुठे मिळत असतो?

घरच्यांना हे सांगताना भांडणाचा सूर नको. "तुमची हेदवी आणि भाट्याची बाग पक्की, माझी संध्याकाळ पक्की" एवढंच म्हणा. देवाणघेवाण शेतकरी माणसाला लगेच समजते.

आंब्यांचं विचारलंत. टिकतील, पण पिकलेले घेऊ नका. झाडावर तयार झालेला, हिरवा, हाताला कडक असा हापूस घ्या आणि पेटीत भाताचा पेंढा घालून भरून मागा. घरी पोचून पेंढ्यातच ठेवलात की आठवड्याभरात पिकतील. रस्त्याकडेच्या ढिगाऱ्यापेक्षा बागायतदाराच्या घरून घेणं बरं, कारण मे महिन्यात बाहेरचा आंबाही रत्नागिरीचा म्हणून विकला जातो. रत्नागिरीसह कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, नोंदणी असलेले बागायतदार तसं पेटीवर छापतात. झेल्याने उतरवलेला आहे का, तेही विचारा. काठीला जाळी बांधून देठासकट अलगद उतरवलेला आंबा टिकतो, खाली पडून मार लागलेला दोन दिवसांत आतून काळा पडतो. गाडीत पेटी बाकाखाली ठेवा, खिडकीच्या उन्हात नको, आणि तिच्यावर दुसरं सामान रचू नका. खरेदी शेवटच्या दिवशी, आणि पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढून सासूबाईंच्या बटव्यात ठेवा. त्या ते कुणाला खर्चू देणार नाहीत.

तुमची,
ताई